परतीची ओढ
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत बोलायचे म्हणजे काहीतरी गोडगोड बोलावे अशी रीत आहे. चिटणीसबाईंनी मला विषय विचारला आणि मी तो सांगितला, तेव्हा त्या क्षणभर गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "अहो, पण त्या दिवशी सगळ्याजणी नटूनथटून येतात. शेवटी मसालेदूध आहे." मी म्हटले, मसालेदूध पीतपीतही ऐकता येईल की! त्या हसल्या आणि त्यांनी विषय वहीत लिहून घेतला, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. कार्यकारिणीत थोडी कुजबुज झाली असे नंतर कानावर आले. तीही साहजिकच आहे.

विषय असा. ज्या घरात बाईच्या अंगाला कोणी हात लावीत नाही, परंतु तिचे मन मात्र रोज थोडेथोडे कुरतडले जाते, अशा घरातून बाहेर पडणे; आणि बाहेर पडल्यावर पुन्हा तिकडेच जाण्याची जी विलक्षण ओढ लागते, तिला तोंड देणे. यातल्या पहिल्या अर्ध्यावर हल्ली पुष्कळ बोलले जाते. दुसऱ्या अर्ध्यावर फारसे कोणी बोलत नाही, आणि मला विचाराल तर बाईचे खरे बळ तिथेच पणाला लागते. मी या शास्त्रातली कोणी पंडिता नव्हे. हळदीच्या अडत दुकानात जमाखर्च लिहिणारी बाई आहे. पण सोळा वर्षे संसार करून २००९ च्या जूनमध्ये मी माझ्या मुलीला घेऊन कोल्हापूरहून इथे सांगलीला आले, ती परत गेले नाही. त्या अनुभवाच्या आधारावर चार शब्द बोलणार आहे.

"मारत तर नाही ना?" हा प्रश्न मला किती जणींनी विचारला याची गणती नाही. आपल्याकडे नवरा वाईट ठरायचा तर दारू हवी, मारहाण हवी, नाहीतर बाहेरची भानगड हवी. आमच्या घरी यातले काहीच नव्हते. ते सुपारीसुद्धा खात नसत. (मी त्यांना अजून 'ते'च म्हणते. सोळा वर्षे 'हे' म्हटले. 'हे'चे 'ते' व्हायला मला दोन वर्षे लागली. 'तो' म्हणणे काही जमले नाही, आणि जमवायची गरजही वाटली नाही.) गल्लीत त्यांचा मान होता. गणेशोत्सवात सूत्रसंचालन तेच करायचे आणि बायका मला म्हणायच्या, "किती हो छान बोलतात! घरीही असेच बोलत असतील!"

घरी ते पुष्कळदा बोलतच नसत. आता अबोला कोणत्या घरात नसतो? पण अबोल्यालाही मोजमाप असते. एकदा सलग एकवीस दिवस ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. काही सांगायचे असले की समोर मी बसलेली असताना मुलीला म्हणायचे, "तुझ्या आईला सांग, पाणी तापलंय." बाविसाव्या दिवशी संध्याकाळी हातात गजरा घेऊन आले आणि म्हणाले, "चला, रविवारी वाडीला जाऊन येऊ." आम्ही नृसिंहवाडीला गेलो, कृष्णेत पाय सोडून बसलो, पेढे आणले. तो अबोला का सुरू झाला ते मला आजतागायत माहीत नाही, आणि का संपला तेही नाही.

पैशांचे असेच. माझा पगार त्यांच्या हाती जाई. रोज रात्री जेवणे झाली की मला हिशेब द्यावा लागे. रिक्षाला वीस रुपये कशाला, पाय नाहीत का? दिवसभर मी कापडाच्या पेढीवर लाखांच्या उलाढालीचा मेळ घालायची, पैची चूक निघत नसे, आणि घरी आले की, "तुला हिशेबातलं काय कळतंय!" पाहुण्यांपुढे माझे वाक्य दुरुस्त करायची त्यांना सवय होती. आणि सर्वांत वाईट म्हणजे बोललेले नाकारणे. "मी असं म्हटलंच नाही. तुझं डोकं ठिकाणावर नाही. डॉक्टरांना दाखव." हे इतक्या शांतपणे सांगायचे की मला स्वतःच्या कानांवर अविश्वास वाटू लागला. शेवटच्या दोन वर्षांत माझी अवस्था अशी झाली होती की गॅस बंद केला का हे मी तीन-तीनदा जाऊन पाही आणि दुकानात साडी घेताना रंग कोणता घ्यावा हे तेरा वर्षांच्या पोरीला विचारी.

त्या पोरीनेच मला जागे केले. संध्याकाळी स्कूटरचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की ती हातातले पुस्तक खाली ठेवून माझ्या तोंडाकडे पाही. एके दिवशी हळूच विचारते, "आई, आज घरात बोलायचं की नाही बोलायचं?" भगिनींनो, ती रडतही नव्हती. पावसाचा रंग बघून छत्री घेऊ का विचारावे, तितक्याच सहज तिने हे विचारले. त्यानंतर तीन आठवड्यांत मी निघाले.

निघणे गाजावाजा करून झाले नाही. भांडणाच्या भरात तर मुळीच नाही. गुणपत्रिका, मुलीचा जन्मदाखला, बँकेचे पासबुक, शिधापत्रिकेची प्रत, माहेरच्या दागिन्यांच्या पावत्या, असे एकेक कागद डब्याच्या पिशवीतून मामेबहिणीकडे नेऊन ठेवले. देव्हाऱ्यासमोर चिठ्ठी ठेवली की आम्ही दादाकडे आहोत, सुखरूप आहोत. ज्यांच्या घरी धमक्यांची भाषा होते त्यांनी तर ही काळजी दुप्पट घ्यावी. अशा घरात बाई निघते ती वेळ फार धोक्याची असते. आधी सांगून, बजावून निघण्यात शहाणपण नाही. दादा-वहिनींनी आम्हाला चार महिने सांभाळले. वहिनीने एका शब्दाने विचारले नाही की किती दिवस राहणार. नंतर गावभागात दीड खोली मिळाली, अडत दुकानात काम मिळाले.

इथवरची गोष्ट सांगायला सोपी आहे. लोकांना ती आवडतेही. बाई धीराची, निघाली, सुटली! पण सुटली कुठे?

पहिले पंधरा दिवस मला नुसती झोप लागत होती. जेवले की झोप, बसले की झोप. आणि मग ओढ सुरू झाली. संध्याकाळी साडेसहा वाजले की माझे कान रस्त्याकडे लागत. स्कूटर वाजली की छातीत धस्स व्हायचे, आणि ती आपली नाही असे कळले की हायसे वाटण्याऐवजी डोळे भरून यायचे! हे मी कोणाला सांगणार? ज्या माणसाच्या धाकाने मी पळाले त्याचीच मला आठवण येते आहे, हे वहिनीला सांगायचे कसे? आणि आठवणी तरी कोणत्या यायच्या? एकवीस दिवस आठवत नसत. बाविसावा आठवे. कृष्णेतले थंड पाणी, गजऱ्याचा वास, पुडीतून पहिला पेढा माझ्या हातावर ठेवणारा त्यांचा हात.

मला वाटू लागले, आपले मनच वेडे आहे. ते म्हणायचे तेच खरे असेल, आपले डोके ठिकाणावर नाही. पुढे आपल्याच मंडळाच्या वाचनालयातली आणि इतर पुस्तके वाचू लागले तेव्हा कळले की हे वेड माझ्या एकटीचे नाही. त्यावर थोरामोठ्यांनी अभ्यास केलेला आहे. बी. एफ. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. कबुतराने चकतीवर चोच मारली की दाणा पडायचा. दर वेळी दाणा मिळणारे कबुतर दाणा बंद झाला की लवकर नाद सोडते. पण ज्याला कधी मिळतो, कधी मिळत नाही, त्याचा काही नेम नाही, असे कबुतर दाणा कायमचा बंद झाला तरी कितीतरी वेळ चोच मारीत राहते. मटक्याचा आकडा लावणाऱ्याचे तेच होते. रोज हरणारा मटका सोडून देईल. अधूनमधून जिंकणारा कसा सोडील? माझा गजरा म्हणजे तो दाणा होता.

लेनोर वॉकर या अमेरिकन बाईंनी १९७९ साली पुस्तक लिहून दाखवून दिले की अशा पुष्कळ घरांत एक फेरा असतो: आधी ताण चढत जातो, मग स्फोट, आणि त्यानंतर गोडीगुलाबीचे दिवस. प्रत्येक घर काही या साच्यात बसत नाही अशी टीका त्यांच्यावर नंतर झाली, आणि ती रास्त आहे. आमच्याकडे स्फोट असा कधी झालाच नाही. होती ती थंडी. १९८१ साली कॅनडातल्या डटन आणि पेंटर या दोघांनी या चमत्कारिक बंधाविषयी लिहिले. त्यांचे म्हणणे, एकाच्या हाती सगळी सत्ता आणि त्याच हातून कधी जाच, कधी माया, असे झाले की दुसऱ्याचा जीव त्याच्याशी घट्ट बांधला जातो. आणि ताटातूट झाली, भीती ओसरली, की ती ओढ वाढत जाते. हे वाचले त्या दिवशी मी पुस्तक मिटून किती वेळ नुसती बसून राहिले. माझ्या साडेसहाच्या रडण्याला कुणीतरी कारण दिले होते!

मनातली ही ओढ पुरेशी नव्हती म्हणून की काय, बाहेरूनही माणसे येऊ लागली. आत्याबाई आल्या, "दोन भांडी एकत्र आली की वाजायचीच." माझ्या वन्सं आल्या, त्या बिचाऱ्या मनाने चांगल्या, त्यांनाही घरात तेच सोसावे लागत होते. गौरीच्या आदल्या दिवशी फोन आला, "गौरी कोण बसवणार? घरची लक्ष्मीच नाही." मग निरोप आला की त्यांना साखर निघाली आहे. तो खोटा नव्हता, साखर खरोखरच निघाली होती. पण साखरेला औषध डॉक्टर देतात, आणि पथ्याचे जेवण सासूबाई माझ्याहून चांगले करीत. मी निरोपाला निरोप पाठवला की नाचणीची भाकरी चालते, तांदूळ कमी करावा. येते म्हणून कळवले नाही.

आणि क्षमेची पत्रे. त्यांचे अक्षर सुंदर, भाषा त्याहून. ही पत्रे कशी वाचावीत हे मी सांगते, कारण आपल्या मराठीची एक मौज आहे. आपल्या भाषेत कोणी काही न करता सगळे घडू शकते. "झालं गेलं विसरून जा." "माझ्याकडून कधी काही बोललं गेलं असेल." "तुझं मन दुखावलं गेलं असल्यास." बघा, बोलणारा कुठेच नाही! दुखवणाराही नाही. सगळे आपोआप झाले, वारा सुटावा तसे. त्या पत्रांत "मी तुला एकवीस दिवस बोललो नाही" असे वाक्य मी शोधत होते. अकरा पत्रांत ते सापडले नाही. "मी" हा शब्द यायचा तो "मी एकटा पडलो आहे" इथेच. माणसे बदलतच नाहीत असे मी म्हणणार नाही. पण बदलणाऱ्याला तुमची हजेरी लागत नाही. तुम्ही लांब असताना, तुम्ही परत याल याची खात्री नसताना, महिनोन्महिने जो वागणे सुधारतो, मुलीच्या फीचे पैसे न मागता पाठवतो, त्याचा विचार करावा. "आधी ये, मग बदलतो" हा सौदा मी पेढीवर कधी केला नसता. माल न बघता आगाऊ पैसे कोण देतो?

एवढे सगळे समजत असूनही एका संध्याकाळी मी सांगलीच्या स्टँडवर जाऊन कोल्हापूरच्या फलाटावर उभी राहिले होते. पहिल्याच श्रावणात. मुलगी शिकवणीला गेली होती, बाहेर पाऊस, घरात दिवे गेलेले. नुसते बघून येऊ, चहा करून देऊ, शेवटच्या गाडीने परत येऊ, असे मनाशी म्हणत होते. तेवढ्यात आठवले की एका मैत्रिणीशी माझा करार आहे. असे वाटले तर आधी तिला फोन करायचा, आणि मग काय ते करायचे. केला. ती रागावली नाही, उपदेशही केला नाही. म्हणाली, "बरं. गाडी सुटायला किती वेळ आहे? वीस मिनिटं? मग मंडईतून कोथिंबीर घे आणि आधी घरी जा, मी येते. वड्या करू. उद्याही गाड्या आहेतच की कोल्हापूरला." मी कोथिंबीर घेतली. आम्ही मेणबत्तीच्या उजेडात वड्या तळल्या. दुसऱ्या दिवशीही गाड्या होत्या, तिसऱ्या दिवशीही होत्या.

त्या बाईने मला जे शिकवले ते एवढेच, की ओढीला 'कधीच नाही' म्हणू नये, 'आज नाही' म्हणावे. 'कधीच' हा शब्द एकट्या बाईला पेलत नाही. 'गुरुवारी ठरवू' पेलते. गुरुवार आला की पुढचा गुरुवार.

दुसरा आधार माझ्या धंद्यातलाच. मी एक वही घातली. कोल्हापुरात शेवटच्या तीन आठवड्यांत काय काय घडले ते तारीखवार टिपून ठेवले होते. त्यात आठवेल ते मागचे भरत गेले. जमेच्या बाजूलाही प्रामाणिकपणे लिहिले. गजरा लिहिला, वाडी लिहिली, माझ्या बाळंतपणात ते तीन रात्री इस्पितळाच्या बाकावर झोपले तेही लिहिले. खोटा जमाखर्च उपयोगाचा नाही, कारण ओढ लागली की मन लगेच म्हणते, "तू त्यांच्याविषयी वाईटच लिहिले आहेस." सगळे लिहिलेले असले की ते तोंड बंद होते. आठवण बाविसावा दिवस दाखवते. वही आधीचे एकवीस दाखवते. रात्री मन हळवे झाले की मी दहा मिनिटे वही वाची. फोनवरचे त्यांचे निरोप मात्र रात्री वाचायचे नाहीत, सकाळी कचेरीत वाचायचे, असा नियम केला. उत्तर द्यायचे ते मुलीपुरते, दोन ओळींत, लेखी. प्रत्यक्ष भेट झाली तर दादासमोर.

आणि साडेसहाचे काय? त्याला वहीही पुरत नव्हती. ती वेळ भरून काढणे भागच होते. तेव्हा आपल्या मंडळाच्या त्या वेळच्या अध्यक्षीणबाईंनी मला वाचनालयाच्या कपाटाची किल्ली दिली. म्हणाल्या, "पुस्तकांची यादी कुणी केलेली नाही, तुम्ही हिशेबनीस आहात, कराल का?" त्यांना माझी हकीकत ठाऊक होती की नव्हती, देव जाणे. सहा ते आठ मी इथे, ह्याच मागच्या खोलीत बसून पुस्तकांना आकडे देत असे. चौदाशे पुस्तके होती. यादी संपली तोवर साडेसहाचा काटा बोथट झाला होता.

आता थोडे कायद्याचे सांगते. ते रुक्ष असले तरी कामाचे आहे. पुष्कळजणींना वाटते की मार बसल्याशिवाय कायदा आपला नाही. तसे नाही. १९८३ साली दंड संहितेत ४९८-अ कलम आले, त्यात मनाच्या आरोग्याला होणारी गंभीर इजाही धरली होती. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता लागू झाली, तिच्यात हीच तरतूद ८५ व ८६ या कलमांत आहे. पण माझ्यासारखीला अधिक उपयोगी तो २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्यात शारीरिक छळाच्या जोडीला शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळ स्पष्ट शब्दांत लिहिला आहे. अपमान करणे, हिणवणे, मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून टोचणे, पैसा अडवणे, हे सारे त्यात येते. संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. आपण निघून माहेरी आलो असलो तर तिथल्या न्यायालयातही चालतो. त्यासाठी घटस्फोट मागावा लागत नाही. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असले तरी एकत्र राहत होतो त्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो. आणि बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात तसे लिहिले आहे. फोनचे आकडे सगळ्यांनी पाठ करावेत: महिलांच्या मदतीसाठी १८१, आणि जिवावरचा प्रसंग असेल तर ११२.

परत जाण्याविषयीही कायद्यात एक मेख आहे. घटस्फोटासाठी छळ हे कारण दाखवायचे तर तो छळ आपण माफ केलेला नसावा अशी अट हिंदू विवाह कायद्यात आहे. पुण्याच्या एका दांपत्याच्या खटल्यात १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने छळ झाला हे मान्य केले, परंतु त्यानंतर दोघे पुन्हा नवरा-बायको म्हणून नांदले, म्हणजे छळ माफ केला गेला, असे ठरवले. तिथे अर्जदार नवरा होता, पण तत्त्व दोघांनाही लागू. त्याच निकालात असेही म्हटले आहे की ही माफी सशर्त असते; पुन्हा छळ झाला तर जुना छळही जिवंत होतो. तेव्हा जी परत गेली तिचे सगळे बुडाले असे नव्हे. तिने वही मात्र सोडू नये.

"नांदायला ये" अशी नोटीस मलाही आली होती. ती वाचून माझे हातपाय गार पडले. वाटले, आता पोलिस धरून नेतील. वकीलबाई हसल्या. असा हुकूमनामा झाला तरी बाईला उचलून कोणी नेऊ शकत नाही. फार तर मालमत्तेवर जप्ती येते. शिवाय जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की असा हुकूमनामा मोडून बाई वेगळी राहिली, आणि त्याला तिच्यापाशी योग्य कारण असले, तर तेवढ्यावरून तिची पोटगी बुडत नाही. पूर्वी असे नव्हते. मुंबईच्या रखमाबाईंना १८८७ च्या मार्चमध्ये न्यायालयाने सांगितले, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग पत्करला. त्या कधी नांदायला गेल्याच नव्हत्या, अकराव्या वर्षी लग्न झाले होते, म्हणून त्यांची आणि माझी गोष्ट एक नव्हे. पण सारा समाज "जा, जा" म्हणत असताना नुसते न जाणे किती अवघड असते हे ज्यांना समजून घ्यायचे असेल त्यांनी तो खटला वाचावा. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, आणि पुढे त्या इंग्लंडात शिकून १८९४ साली डॉक्टर झाल्या. माझा निकाल त्यामानाने साधा. चौथ्या वर्षी दोघांच्या संमतीने घटस्फोट झाला. मुलगी बापाला भेटते. तिच्या पदवीच्या वेळी आम्ही तिघे एका टेबलावर बसून जेवलो, आणि मला आमटी आवडली एवढेच त्या जेवणाचे आठवते.

भगिनींनो, आता तुमच्याकडे एक मागणे. आपल्यात अशा कोणी असतील. इतक्याजणी जमलो आहोत म्हणजे असणारच. त्यांना "मारतो का?" असे विचारू नका. "मग इतकी वर्षे का राहिलीस?" हेही नको. आणि जी बाहेर पडून परत गेली तिला दार लावू नका. माझ्या ओळखीची एक बाई दोनदा परत गेली. पहिल्या वेळी आमच्या भिशीतल्या बायकांनी तिच्यासाठी धावपळ केली होती. ती परत गेल्यावर सगळ्या दुखावल्या आणि तिच्याशी बोलेनाशा झाल्या. म्हणजे घरी अबोला होता तो भिशीतही सुरू झाला! दुसऱ्यांदा निघायच्या वेळी तिने आमच्यापैकी कोणाला सांगितले नाही, एकटीच निघाली, आणि आठ दिवसांत परत गेली. तिसऱ्यांदा मात्र जिच्या घरी ती आली, तिने काही न विचारता आधी पिठले-भात वाढला. त्या गोष्टीला आता सहा वर्षे झाली. ती बाई आज इथे आहे, आणि मी हे सांगावे म्हणून तिनेच मला सांगितले आहे.

मदत फार मोठी लागत नाही. कागदांची पिशवी ठेवून घेणारे एक कपाट. फोन उचलणारी एक मैत्रीण. संध्याकाळी सहा ते आठ करण्याजोगे काहीतरी काम. कार्यकारिणीने मनावर घेतले तर हे तिन्ही आपल्या मंडळात होऊ शकेल. खर्च कुलपाचा तेवढा. हल्ली वाचनालयाची यादी पुन्हा नव्याने करायची आहे, संगणकावर. पुस्तके आता दोन हजारांच्या वर गेली आहेत आणि मला एकटीला ते होणारे नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी साडेपाचपासून आठपर्यंत मी मागच्या खोलीत असते. जिला यायचे असेल तिने यावे. कशासाठी आलात हे मी विचारणार नाही. चष्मा मात्र बरोबर आणा, जुन्या पुस्तकांवरचे आकडे फार बारीक आहेत.